होडीवरचा दिवा आणि अडीचची वायर

आपल्या शहरातल्या पुंडलिकनगरात घराच्या वायरिंगचं काम काढलं की वायरमनची भाषा ठरलेली असते. लाइटला एकची किंवा दीडची, प्लगला अडीचची, एसी-गीझरला चारची. हे आकडे वायरमधल्या तांब्याच्या जाडीचे, चौरस मिलिमीटरमध्ये मोजलेले. पुंडलिकनगर रस्त्यावर किंवा गारखेड्यात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘अडीचचं बंडल द्या’ म्हटलं की दुकानदार पुढचा प्रश्न फक्त रंगाचा विचारतो. घरापुरता हा हिशेब बरोबर आहे. पण हाच हिशेब डोक्यात ठेवून कोणी पैठणला नाथसागरावर, मासेमारीच्या छोट्या होडीवर दोन दिवे वाढवायला गेला, तर दिवे मिणमिणतात, बॅटरी पहाटेच्या आत बसते आणि नशीब वाईट असेल तर वायर पेट घेते.

आपल्या नळाला येतं ते पाणी याच जलाशयाचं. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली धरणाचं उद्‌घाटन झालं. मागे पसरलेला नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ साडेतीनशे चौरस किलोमीटर क्षेत्राचा आहे. पसरट आणि बराचसा उथळ असल्यामुळे वारा सुटला की त्यावर लाटा उठायला वेळ लागत नाही. भोई, कहार आणि इतर मच्छीमार कुटुंबं या पाण्यावर जगतात. रोहू, कटला, मरळ, वांब असे मासे मिळतात. जाळी संध्याकाळी लावायची आणि उजाडायच्या आत ओढायची, ही जुनी रीत. म्हणजे कामाचा महत्त्वाचा भाग अंधारातच होतो. एके काळी त्यासाठी कंदील किंवा गॅसबत्ती होती. नंतर हातातली बॅटरी आली, मग कपाळाला बांधायचा टॉर्च आला. आता ट्रॅक्टरला लावतात तो चौकोनी एलईडी दिवा होडीवर दिसायला लागला आहे, कारण तो स्वस्त आहे आणि शहरात कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

दिवा स्वस्त झाला ही चांगली गोष्ट आहे. पण माणसं दिव्याची निवड तासभर करतात आणि वायर दुकानात जी पडलेली असेल ती घेतात. होडीवर हे उलटं व्हायला हवं. दिवा कुठलाही चालून जाईल. वायर, फ्यूज आणि जोड यांत हयगय चालणार नाही. असं का, ते थोडं हिशेबाने पाहू.

होडीवर वीज असते ती बारा व्होल्टची, बॅटरीतून येणारी. घरात २३० व्होल्ट. समजा होडीवर १८ वॅटचे दोन एलईडी दिवे लावले, मिळून ३६ वॅट. घरात ३६ वॅटच्या दिव्याला जेमतेम ०.१६ अँपिअर प्रवाह लागतो. तेवढ्याच उजेडासाठी बारा व्होल्टवर मात्र ३ अँपिअर लागतात, सुमारे एकोणीस पट. वायर किती तापणार आणि वाटेत किती दाब खाणार, हे वॅटवर ठरत नाही, प्रवाहावर ठरतं. प्रत्येक वायर वाटेत थोडा दाब खातेच. बारीक पाइपने दूरच्या, वरच्या मजल्यावरच्या नळापर्यंत पाणी पोचवताना जोर कमी होतो, तसंच हे. घरात २३० मधून एखादा व्होल्ट कमी झाला तर कोणाला पत्ताही लागत नाही. बारामधून एक व्होल्ट गेला म्हणजे आठ टक्के गेले.

सात मीटरची होडी धरा. बॅटरी मागे, दिवा पुढच्या काठीवर. वायर कडेकडेने, वर चढून नेली की एका बाजूची लांबी आठ मीटर सहज होते. वीज जाते आणि परतही येते, म्हणून हिशेब सोळा मीटरचा धरायचा. इथेच बहुतेक जण चुकतात, फक्त जायची लांबी मोजतात. एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. सोळा मीटरला तो ०.२७५ ओहम झाला. त्यातून ३ अँपिअर गेले की वाटेत ०.८ व्होल्टच्या वर दाब गळतो, म्हणजे जवळपास सात टक्के. त्याच जागी अडीचची वायर टाकली तर गळती ०.३३ व्होल्टवर येते, तीन टक्क्यांच्या आत. बोटींच्या वायरिंगमध्ये महत्त्वाच्या दिव्यांसाठी तीन टक्के हीच मर्यादा धरतात. म्हणजे घरात जी वायर आपण मिक्सर-इस्त्रीच्या प्लगला वापरतो, ती इथे दोन लहान दिव्यांना लागते. पटायला जरा जड जातं, पण गणित तेच सांगतं.

आणि जुना ५५ वॅटचा हॅलोजन असेल तर चित्र आणखी वाईट. तो एकटाच साडेचार अँपिअरच्या वर ओढतो. एकच्या वायरने सव्वा व्होल्टपेक्षा जास्त गळती होते, आणि तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी वेगाने घटतो. अकरा टक्के दाब कमी झाला तर उजेड जवळपास एक तृतीयांशाने पडतो. माणसाला वाटतं दिवाच खराब आहे. तो आणखी मोठा दिवा आणतो, तो आणखी प्रवाह ओढतो, गळती आणखी वाढते. चांगल्या एलईडीत आत छोटं सर्किट असतं, ते दाब कमी झाला तरी उजेड टिकवतं. पण त्यासाठी ते प्रवाह जास्त ओढतं, आणि दाब फारच उतरला की एकदम बंद पडतं. एलईडीच्या खोक्यावर ‘१० ते ३० व्होल्ट’ असं छापलेलं असेल तर आत असं सर्किट आहे, असं समजायला हरकत नाही.

ही गळती पाहायची असेल तर दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरे. दिवा चालू ठेवायचा. बंद दिव्यावर मोजलेलं काही कामाचं नाही, कारण प्रवाहच नसेल तर गळतीही नसते. मीटरच्या दोन सळया आधी बॅटरीच्या खुंट्यांवर टेकवायच्या. समजा १२.५ आलं. मग दिव्यापाशी जाऊन त्याच्या दोन टोकांवर टेकवायच्या. तिथे १२.१ किंवा १२.२ आलं तर काम ठीक आहे. ११.३ आलं तर कुठेतरी १.२ व्होल्ट हरवतोय. आता बॅटरीकडून दिव्याकडे एकेक जोड, फ्यूजची बैठक, बटन, असं प्रत्येकाच्या अलीकडे-पलीकडे सळई टेकवत जायचं. जिथे आकडा एकदम उतरतो तिथेच दोष. बहुतेक वेळा तो एखाद्या टेप गुंडाळलेल्या जोडात सापडतो.

तो टेप सोडवून पाहिला तर आत काय होतं ते कळतं. घरात आपण दोन वायरी सोलतो, पिळा मारतो, वर काळी टेप. भिंतीच्या आत, कोरड्या जागी हे वर्षानुवर्षं टिकतं. होडीवर टेपचा गोंद उन्हाने पातळ होतो, कडा सुटते, दव आणि पाण्याचा शिडकावा आत जातो. तांब्याचे धागे आधी तपकिरी, मग काळे पडतात, आणि खारं पाणी असेल तर त्यावर हिरवी भुकटी धरते. ओल तिथेच थांबत नाही. बारीक धाग्यांच्या फटींतून ती प्लॅस्टिकच्या आत वर चढत जाते. बाहेरून लालबुंद, नवीकोरी दिसणारी वायर जोडापासून वीतभर अंतरावर कापली तरी आत काळं तांबं निघतं. अशा तांब्यावर नवा जोड बसत नाही. उजळ, लालसर तांबं लागेपर्यंत कापत जावं लागतं.

म्हणून होडीवर पिळा-टेप नको. योग्य मापाचा लग किंवा जोडनळी घेऊन ती क्रिंपिंगच्या पकडीने दाबायची आणि वर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवायची. तापवली की ती आवळते आणि गोंद वितळून दोन्ही तोंडं बंद होतात. एकसंध जाड तारेची वायरही नको. इंजिनाच्या थरथरीने आणि लाटांच्या हिसक्यांनी ती एकाच जागी वाकत राहते आणि आतल्या आत तुटते. बहुतारी, लवचिक वायर हवी. समुद्रावर त्यातही कल्हई केलेल्या तांब्याची, म्हणजे प्रत्येक धाग्यावर कथलाचा थर असलेली. कोकण किनाऱ्यावर हर्णे, मिरकरवाडा, मालवणच्या खाऱ्या हवेत साधं तांबं फार काळ तग धरत नाही. नाथसागराचं पाणी गोडं, तिथे साध्या तांब्याच्या चांगल्या बहुतारी वायरने भागतं. जोड मात्र तितकेच बंद हवेत. आणखी एक बारीक गोष्ट: दिव्यात शिरणारी वायर वरून खाली येत असेल तर तिच्यावरून ओघळणारं पाणी थेट दिव्यात जातं. शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकतं. याला एक पैसाही लागत नाही.

घरच्या वायरमनच्या सवयी इथे नडतात, तशाच गाडीच्या वायरमनच्याही नडतात, आणि त्या जास्त धोकादायक आहेत. मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक सांगाड्याला जोडलेलं असतं. दिव्याला एकच वायर आणायची, दुसरं टोक जवळच्या नटाला आवळायचं, ‘बॉडी अर्थ’ मिळाली. लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीत बॉडी अर्थ नसतेच, म्हणून काही जण ती इंजिनाला देतात. मग दिव्याचा परतीचा प्रवाह इंजिनाच्या धातूतून वाहतो आणि त्याला पाण्यात बुडालेल्या पंख्याकडून, दांड्याकडून वाटा फुटू शकतात. पाण्यात बुडालेल्या धातूतून एकाच दिशेने वीज बाहेर पडत राहिली की तो धातू झिजतो, विरघळतो. खाऱ्या पाण्यात हे झपाट्याने होतं. पत्र्याच्या होडीत तर सांगाड्याला वीज देण्याचा विचारही करू नये. होडीवर प्रत्येक दिव्याला दोन वायरी न्यायच्या, जायची वेगळी आणि परतीची वेगळी, आणि परतीची सरळ बॅटरीपर्यंत आणायची.

आता फ्यूज. घरी एमसीबी पडला की आपण दिवे विझल्याची कुरकुर करतो. होडीत ती तक्रार करायलाही माणूस उरेल याची खात्री फ्यूज देतो. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून या विजेला कोणी घाबरत नाही. पण शिशाच्या बॅटरीची दोन टोकं एकमेकांना थेट भिडली तर शेकडो अँपिअरचा प्रवाह धावतो. वायरचं प्लॅस्टिक काही सेकंदांत पेट घेतं, आणि शेजारी पेट्रोलचा डबा, नायलॉनची जाळी आणि थर्माकोल असतो. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याची जागा दिव्यापाशी नाही, बॅटरीपाशी. पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत. त्या वीतभरानंतर वायर कुठेही घासली, दबली, सोलली गेली तरी फ्यूज उडणार. तीन अँपिअरच्या दिव्यांना पाच अँपिअरचा गाडीत असतो तसा पात्याचा फ्यूज पुरतो. तो उडाला तर कारण शोधायचं. त्या जागी तार गुंडाळणं किंवा तीसचा फ्यूज खुपसणं म्हणजे संरक्षण काढून टाकणंच.

बॅटरी कुठे ठेवायची हेही यातच येतं. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्याला वर जायला वाट हवी. पेट्रोलची वाफ उलट जड, ती होडीच्या तळाशी साचते. म्हणून बंद झाकणाखाली बॅटरी आणि इंधनाची टाकी एकत्र ठेवू नयेत, आणि बटनही तिथे नको, कारण बटन दाबताना आत ठिणगी पडते. बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळलेली, खुंट्यांवर रबरी टोप्या आणि व्हॅसलिनचा हात.

केवढी बॅटरी लागेल? कामाचे दोन दिवे तीन अँपिअरने तीन तास चालले, नऊ अँपिअर-तास. शिवाय आपली होडी इतरांना दिसावी म्हणून तीन वॅटचा एक पांढरा दिवा रात्रभर, दहा तास, अडीच अँपिअर-तास. एकूण साडेअकरा. शिशाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून साधारण पंचवीस ते पस्तीस अँपिअर-तासांची घ्यावी. चालू नसताना, थोडा वेळ विसावलेल्या भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.७ च्या आसपास दाखवतो, १२.२ ला ती निम्मी उतरलेली असते. हेच काम दोन हॅलोजनने केलं असतं तर तीन तासांतच सत्तावीस अँपिअर-तास गेले असते. भरून काढायला आपल्याकडे ऊन आहे. ४० वॅटचं पॅनेल आणि त्याला चार्ज कंट्रोलर लावला तर मराठवाड्यातल्या स्वच्छ दिवसाला रात्रीचा हा खर्च साधारण निघतो. पावसाळ्यात मात्र नाही; तेव्हा बॅटरी घरी नेऊन चार्ज करावी लागते. दोरीने सुरू होणाऱ्या लहान आउटबोर्ड इंजिनांना बहुधा बॅटरी चार्ज करायची सोय नसते, आणि काहींत असते ती नुसती लाइटिंग कॉइल. तिची वीज ‘एसी’ असते. ती रेक्टिफायर-रेग्युलेटरशिवाय बॅटरीला जोडली तर बॅटरी खराब होते.

वायरिंग झालं. दिवा कुठे वळवायचा हा प्रश्न मला तितकाच मोलाचा वाटतो, आणि तो फार कमी लोक विचारतात. अंधारात डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक झगझगीत दिवा डोळ्यावर आला की तो सराव क्षणात जातो. पुढच्या टोकावर बाहेर रोखलेला प्रखर दिवा लावणाऱ्याला जवळचं पाणी लख्ख दिसतं आणि त्या उजेडापलीकडची होडी, पाण्यातून डोकावणारं बुडालेलं झाड अजिबात दिसत नाही. कामाचा दिवा डोक्याच्या वर, आतल्या बाजूला झुकलेला, जाळं ओढायच्या जागेवर पडणारा हवा. त्याला स्वतंत्र बटन हवं, म्हणजे होडी चालवताना तो विझवता येतो.

समुद्रावर यासाठी जगभराचा एकच नियम आहे. १९७२ साली ठरलेले आणि १९७७ पासून लागू असलेले टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की जहाजाच्या ओळखीच्या दिव्यांशी गल्लत होईल, ते झाकले जातील किंवा नजर ठेवायला अडथळा येईल, असा कुठलाही जादा दिवा लावू नये. ओळखीचे दिवे म्हणजे डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, आणि शिवाय पांढरा. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी सात सागरी मैलांपेक्षा जास्त वेग नसलेल्या यांत्रिक होडीला चहूबाजूंनी दिसणाऱ्या एका पांढऱ्या दिव्यावर भागवता येतं. मात्र तो दोन सागरी मैलांवरून, म्हणजे पावणेचार किलोमीटरवरून दिसला पाहिजे. वल्ह्यांच्या होडीत निदान हाताशी पेटता कंदील किंवा टॉर्च हवा, टक्कर टाळायला वेळेत दाखवता येईल असा. हे नियम समुद्रासाठी आणि समुद्राला जोडलेल्या पाण्यासाठी आहेत, नाथसागराला ते बांधील नाहीत. पण सत्तावीस किलोमीटर रुंद पाण्यावर, अमावास्येला, एकमेकांसमोर आलेल्या दोन होड्यांना त्यांचं शहाणपण तितकंच उपयोगी आहे. जादा दिवे लावायचेच असतील तर त्यातला पहिला हा तीन वॅटचा पांढरा दिवा असावा. आपल्याला दिसण्याआधी आपण दिसलो पाहिजे.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाळावी लागते. स्वस्त एलईडीतलं सर्किट रेडिओलहरींचा गोंगाट करतं, आणि त्याने होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओ संचावरचा आवाज दबतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठी ट्रान्सपाँडरची, म्हणजे संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रांची, देशव्यापी योजना सुरू झाली; अशा यंत्रांच्या आणि अँटेनाच्या जवळून दिव्याची वायर नेऊ नये. दिवा लावून आणि विझवून रेडिओ ऐकला की फरक लगेच कळतो.

आणि मासे गोळा करण्यासाठी दिवा? उजेडाकडे सूक्ष्म जीव येतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. जनरेटरवर हजारो वॅटचे एलईडी पेटवून अख्खे थवे, लहान पिल्लांसकट, उचलण्याचा प्रकार कोकण किनाऱ्यावर सुरू झाला, तेव्हा सगळ्यात मोठा फटका छोट्या होडीवाल्यांना बसला आणि त्यांनीच त्याविरुद्ध आवाज उठवला. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने भारताच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने आपला १९८१ चा सागरी मासेमारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून शिक्षा कडक केली. ही बंदी योग्यच आहे, आणि तिची अंमलबजावणी याहून कडक हवी. नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी त्याच्या उथळ काठांवर रात्र काढतात. पाण्यावर रोखलेला झगझगाट त्यांनाही उठवतो. आतल्या बाजूला झुकलेला, काम झालं की विझणारा दिवा हा माणसाला, माशाला आणि पक्ष्याला, तिघांनाही मानवणारा आहे.

शहरातल्या इलेक्ट्रिक आणि ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानदारांना एक विनंती. पैठणकडचा कोणी मच्छीमार होडीसाठी ट्रॅक्टरचा दिवा मागायला आला तर नुसता दिवा देऊन पाठवू नका. होडी किती लांब आहे ते विचारा, अडीचची दुहेरी बहुतारी वायर, पाचचा फ्यूज त्याच्या बैठकीसकट आणि चार गोंदवाल्या नळ्या काउंटरवर ठेवा, आणि फ्यूज बॅटरीपाशीच लावायचा हे त्याला सांगा.